परत आलेली लिंबं

हसू नका, पण लिंबाचा ढीग दिसला की मी अजून रस्ता बदलतोय.

ऐंशी सालाच्या आसपास बेळगावच्या म्युझियमात मुंबईच्या एका चित्रकारानं प्रदर्शन भरवलंतं. चित्र एकबी न्हाय. फरशीवर लिंबांचा ढीग आणि पाटी: ‘एक घरी न्या. ढीग संपला की कलाकृती पूर्ण.’ मी एक खिशात टाकून वडगावला घरी आलो.

आक्का, माझी थोरली बहीण, हातमागावरनं ताडकन उठली. "कुणाचं कुठलं लिंबू घरात आणलास रं?"

बँकेत कारकून हुतो मी, असलं मानत न्हवतो. पण तिन्हीसांजेला माझ्या पोराला सणकून ताप भरला आणि मीच आक्काला हाक मारली. आक्कानं तेच लिंबू हळद-कुंकू लावून पोरावरनं उतरलं. "जिथनं आणलास तिथंच ठेव. मागं वळून बघू नको."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो, तर ढीग दुप्पट! ज्यांनी नेलं न्हवतं, त्यांनीबी आपापला उतारा आणून टाकलाता. माझं लिंबू ठेवून वळलो, तोच मागनं चित्रकाराची हाक आली, "अहो, थांबा!"

मी दाराकडं तोंड करूनच थांबलो. "बोला."

"लोक लिंबं परत आणतायत! कुंकू लावून! केवढा हा प्रतिसाद!"

"साहेब, हात लावू नका. घरची पीडा उतरून टाकल्यात ती."

मागनं बारीक आवाज आला, "मघाशी त्यातल्याच दोन लिंबांचं सरबत प्यालोय मी... धुऊन घेतली होती."

तवा मात्र मी मागं वळून बघितलं.