बहादूरची दसऱ्याची सुट्टी

माहं माहेर तिगावचं, सासर सौंसरजवळचं. जल्मापासून संत्र्याच्या झाडाखालीच वाढली मी, काय सांगू तुमाले. लगन झाल्यावर सासूसंगं तोड्याले, म्हंजे संत्री तोडाले, जाऊ लागली, मंग सासू थकली अन् बायांची टोळी माह्या हाती आली. माहं तोंड चालते म्हनून आली, दुसरं काही नाई. आमचे हे म्हनत, हिच्यासमोर वकील पानी भरन.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट असन. आमच्या नेहमीच्या बगीच्यात राखनीले एक नेपाळी मानूस होता. सारे त्याले बहादूर म्हनत. मी एक दिवस इचारलं, बाबू, मायनं नाव काय ठेवलं तुहं, तं म्हने धनबीर. आमच्यावानीच बोले, भाकर-ठेचा खाये, हाशे तं लय गोड. बगीचा एका ठेकेदारानं घेतला होता, त्यानंच याले ठेवलं. आमाले बजाराच्या दिवशी सुट्टी, याले तेबी नाई. रात्री राखन, दिवसा झाडाले पानी. परमुलखातला मानूस, त्याच्या बाजूनं बोलन कोन?

दसरा जवळ आला तसा तो जेवेना. मी म्हटलं काहून रे, तं म्हने ताई, आमच्या इकडे दसऱ्याले माय कपाळाले दही-तांदळाचा टिका लावते, दोन वर्सं झाले मी गेलो नाई, आता ते अंथरुनाले लागली, अन् ठेकेदार म्हनते माल निघाल्याबिगर हलाचं नाई. सांगता सांगता रडला बिचारा. माहं काळीज तुटलं जी.

आता आमच्याकडे रीत हाय, तोड्याच्या पहिल्या दिवशी टोळीतल्या बाईनं झाडाले हळद-कुंकू वाहून नारळ फोडाचा, त्याच्याबिगर कोनी फळाले हात लावत नाई. अन् ठेकेदार असा भेकड, मांजर आडवी गेली तं ट्रक थांबवे. ट्रक उभा, खोके पडून, अन् मी नारळ पदरात घेऊन झाडाखाली बसली. म्हटलं भाऊ, बहादूरले घरी जाऊ द्या, मंग फोडीन. तो भडकला, म्हने तुहा कोन लागते तो? म्हटलं कोनी नाई, पन मायले भेटाले जाऊन राहिला, चोरी कराले नाई. राखन कोन करन म्हने. म्हटलं आमचे मानसं करतीन आळीपाळीनं. साऱ्या बाया बसून राहिल्या, एक उठली नाई. टोळीतल्या सखूची सासू तं पानाचा डबा उघडून बसली, जशी बारशाले आली. उन्ह चढलं तसा तो म्हने, जाय बापा जाय, पन तो नारळ फोड.

ह्यांनी त्याले पांढुर्ण्याहून गाडीत बसवून देल्लं. दिवाळीनंतर आला तं डोस्कं भादरलेलं. म्या पाह्यलं अन् समजली. म्हने ताई, टिका लावला मायनं, मले ओळखलं, मंग गेली. दोघंबी रडलो तिथंच.

दुसऱ्या वर्सी ठेकेदारानं आमच्या टोळीले बलावलंच नाई. दूरच्या बगीच्यात पायी जा लागे, सासू बोले, बाया बोलत, मी ऐकून घ्यो. मले त्याचं दुख नाई बाप्पा. धनबीर मंग कुठं गेला काय मालूम, म्हाताराच झाला असन आता. जिथं असन तिथं सुखात राहो, अन् सनावाराले त्याले कोनी अडवून ठेवू नये.