उजेड अजमावायचा फोटो

(कोल्हापूर, १९१९. नंदिनीच्या सासरचं माजघर. तिचं चार महिन्यांचं बाळ झोपलंय. घरोघर फिरून काकणं भरणारी नजीरा तिचा हात धरून बसली आहे.)

नजीरा : मी श्रावणात म्हणलं व्हतं का न्हाय? तुमच्या वैनीकडं एकदा जाऊन या, म्हणून. काकणं भरताना कालिंदीबाईंचा हात नुसता काडीवानी लागला.

नंदिनी : मीच मनावर घेतलं नाही, मावशी. म्हटलं, बाळंतपणाचा अशक्तपणा असेल.

नजीरा : आन् आता ती गेली की मुरगूडला, म्हायेरी. तुमचा भाऊच गावभर सांगतोय.

नंदिनी : नृसिंहदादानं मलाही तेच सांगितलं. सकाळी त्याच्या फोटोंच्या या पट्ट्या टाकून गेला. मागं इंग्रजीत नावं मी लिहून देते. जरा बघा.

नजीरा : नखाएवढ्या फोटूत मला काय दिसतंय? म्हशीच म्हशी.

नंदिनी : रोलमधले आठही फोटो एकाच कागदावर छापलेत. दादा कसा हुडकत जातो ते यात कळतं. गंगावेशीत आधी लांबून म्हशी, मग जवळून, मग नुसते धार काढणारीचे हात. सातवा पटला, त्यावर तांबडी फुली. तेवढाच मोठा करणार. बाकीचे कुणी बघत नाही.

नजीरा : मग तुम्ही कशाला बघताय?

नंदिनी : पहिल्यासाठी. घरातून निघताना उजेड अजमावायला तो रोज स्वतःचंच दार टिपतो. तो फोटो वायाच जायचा असतो. हा रविवारचा. दाराला बाहेरून कुलूप.

नजीरा : असंल की. बायकू घरात न्हाय, तर कुलूप घालूनच जाणार माणूस.

नंदिनी : वर खिडकीत बघा. दुपटं वाळतंय. सोमवारी दुसरंच, ठिपक्यांचं. मंगळवारी झबलं. दादा काही झबली धूत नाही, मावशी.

नजीरा : या अल्ला. तान्ह्यासकट कोंडलीया. म्हायेरी जाते म्हणत हुती, त्येचाच राग.

नंदिनी : आणि रोज तिथं उभा राहून त्यानं फक्त उजेड बघितला.

नजीरा : तुम्ही जावा की. सख्खा भाऊ हाय.

नंदिनी : सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, नवरा-बायकोच्या मध्ये नणंदेनं पडू नये, आणि बाळाला घेऊन उन्हात तर नाहीच. यांनी पेपरातून मान वर केली नाही. म्हणाले, तू फार विचार करतेस. आत्ताही सासूबाई पुढच्या दारातच बसल्यात.

नजीरा : मग मी काय करू? कुलूप तोडू?

नंदिनी : काकणवालीला कुणी अडवत नाही. खिडकीखालून हाक मारा.

नजीरा : आन् भाऊ समोर आला तर? कुणी धाडलं म्हणाला तर?

नंदिनी : माझं नाव सांगा.

नजीरा : म्हायेर तुटंल, नंदिनीताई.

नंदिनी : ही कालची पट्टी. कुलूप तसंच आहे, पण खिडकीत काहीच वाळत नाहीये. दुसऱ्या हातातली काकणं नंतर भरा, मावशी. तुम्ही आधी जाऊन बघून या.