नकाशातलं वाकडं कुंपण

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मी चक्क देवी शोधत निघाले होते. सुनेची सुटका नीट झाली, तर बारशाआधी आमच्या मूळ गावच्या देवीची ओटी भरीन, असं बोलले होते. बारसं उद्यावर आलं, आणि देऊळ चाकणच्या कंपन्यांत हरवलेलं! लेकानं मोबाईलवर जुना नकाशा आत्ताच्या सॅटेलाइट फोटोशी जुळवला.

“आई, सगळी कुंपणं सरळ आहेत, हे एकच वाकडं, काहीतरी आत घ्यायला वळवल्यासारखं. देऊळ इथंच असणार.”

गेटवर वॉचमन म्हणाला, “पास नाही, तर प्रवेश नाही.”

दिवस मावळत आला होता. मी खण-नारळ दाखवला. “दादा, आमची देवी आहे हो आत.”

त्यानं हातातली वही मिटली. “मावशी, शिफ्टला जाताना सगळे तिला हात जोडतात, पण नाव कुणालाच ठाऊक नाही. काय नाव हो आईचं?”

“वाघजाई.”

त्यानं आधी बूट काढले, मग गेट उघडलं.