चढावरचा काटा

मगाशी पेट्रोलच्या काट्यावरून हसत होतात ना, म्हणून सांगतो. चढावर उभी केली की माझ्या गाडीचा काटा पार तळाला जातो. टाकीतलं पेट्रोल मागं सरकतं, बाकी काही नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं.

गेल्या साली काकीला घेऊन वेल्ह्याहून नसरापूरला परत येत होतो. एका चढावर काकी म्हणाली, "थांब जरा. हितनं वर चार किलोमीटरवर माज्या थोरल्या बहिणीची वाडी हाय. लई आजारी हाय ती. तोंड बघून यिऊ."

मला मॅचसाठी वेळेत घरी पोचायचं होतं. गाडी थांबवून मी काट्याकडं बोट दाखवलं. "पेट्रोल संपलंय काकी. वर निघालो तर वाटेतच बंद पडेल. रविवारी नेतो."

काकीनं वाकून काटा बघितला. "व्हय रं, तळालाच गेलाय की," म्हणाली आणि बहिणीसाठी घेतलेला पेढ्यांचा पुडा परत पिशवीत ठेवला.

सपाटीला आल्यावर काटा सावकाश वर चढला, पार निम्म्यापर्यंत. काकी खिडकीतून बाहेर बघत होती.

रविवारच्या आधीच निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा बहिणीची लेक काकीच्या गळ्यात पडून रडली. "मावशे, लई वाट बगितली गं तिनं तुजी. का न्हाई आलीस?"

मी काही बोलायच्या आत काकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ह्यो आणतच व्हता गं मला. पर गाडीत तेलच न्हवतं. त्यो तरी काय करंल?"