बेडकाची चेन

घाई नाही हो मिस्त्री, निवांत बघा — मी आपला बसतो इथे पिंपावर. ही एटीव्ही, शेतात फिरायची गाडी, पोरांनी माझ्या गुडघ्यांसाठी घेतली, वरच्या वाफ्यांपर्यंत पायी जाववत नाही ना आता. चार जाडजूड चाकं, पुढे डोळे वटारलेले — मी तिला बेडूकच म्हणतो. पण चढ लागला की बेडूक कटकट करतो, चेन दात सोडते. आवळली होती की! थोरल्याने, गेल्याच रविवारी. तो मोठा साहेब — आधी पट्टीने मोजणार, मग फोनवर बघणार, मग बायकोला बॅटरी धरायला लावणार, तीही भर दुपारी. मग धाकटा म्हणणार, दादाने फार ताणली — की पुन्हा सैल. आणि जावयांचा तो तेलाचा फवारा! अर्धा चेनवर, अर्धा माझ्या पायजम्यावर. तिघं ओणवे, डोक्याला डोकं लावून — एरवी एकमेकांची तोंडं बघत नाहीत, पण चेनवरून काय बोलतात! सुनाही भाजी निवडत इथेच बसतात. मग जेवूनच जातात सगळी. पूर्वी? पूर्वी फोन यायचा — बाबा, बरे आहात ना? बरा आहे म्हटलं, की ठेवला. बरं असणं फार महागात पडतं हो.

आता त्यांनी ठरवलंय, बेडूक विकायचा. नव्या गाडीला म्हणे चेनच नसते — आत दांडा, तोही बंद डब्यात. आवळायला नको, बघायला नको. 'बाबा, तुमची कटकट मिटली!' माझी कटकट — मी केली होती तक्रार? म्हणून तर तुम्हाला बोलावलं. माझं कोण ऐकतो, पण मिस्त्रीचं ऐकतील. तुम्ही एवढंच सांगा — गाडी ठणठणीत आहे, फक्त चेन तेवढी दर रविवारी बघत जा. खोटं कुठे आहे त्यात?

काय म्हणता? चेन चांगलीये, नटच कोणीतरी सोडवलेत? असेल बुवा... थोरल्याचा हात जरा जड आहे. ताजे ओरखडे? मग जावई असतील. — काय पडलं? हा होय, पाना. माझाच. असतो खिशात. म्हाताऱ्या माणसाकडे काठी असते, चष्मा असतो, पाना असतो. शनिवारी जरा येतो मी इथे, हवा खायला... असं बघू नका हो. चालवत नाही मी ती सैल करून, शपथ. नुसती उभी असते.

थांबा — थोरल्याचाच फोन. हां रे. आलेत मिस्त्री. काय म्हणतात? आता — घे, त्यांच्याशीच बोल. घ्या मिस्त्री.

...

तिघं लागतात म्हणालात? एकाने चाक फिरवायचं, एकाने ताण बघायचा, एकाने नट आवळायचे? आणि दर रविवारी? अहो, हे मला नाही सुचलं! काय म्हणाला तो? विकत नाही? बरं बरं. नाक नाही पुसत मी, त्या फवाऱ्याचा वास बसलाय इथे.

चला, उशीर झाला तुम्हाला. पाना द्या तेवढा. — नाही? तुम्ही नेणार? बरं, न्या. निघा आता.

आत दुसरा आहे.