देवभीरू

— तो शब्द पुन्हा वाचा ना ताई. देवभीरू. हां, तोच. तिथंच थांबलात तुम्ही, आणि चेहरा कसा खुलला तुमचा — म्हातारीला सांभाळायला बाई मिळाली एकदाची! चार बुकं शिकलेय मी, पण भीरू म्हणजे भित्री एवढं मला कळतं. आणि भित्री तर मी आहेच.

हे पत्र लिहिलंय घड्याळवाल्या आजोबांच्या लेकीनं. दोन वर्षं केलं मी त्यांचं, अंघोळीपासून सगळं. त्यांचा देव? छे! देवाशी उभा दावा. मी माळ घेऊन बसले की म्हणायचे, "झोपला असेल बिचारा, उठवू नकोस त्याला." चिडायचे मी. तोंडावर सुनावायचे — देव न मानणाऱ्याला कसली आलीय चाड नि कसली लाज! ते हसायचे नुसते. आणि सकाळी चहाच्या आधी विचारणार काय, तर माझी कंबर कशी आहे. माझ्या नवऱ्यानं नाही विचारलं कधी — आणि तो तर उठताबसता देवाचं नाव घेणारा.

हाक म्हणजे त्यांची चमच्यानं पेल्यावर टकटक. त्या दिवशी दुपारी — जाऊ द्या, तुम्हाला काय करायचंय — नाही, ऐकाच. माळ चालली होती माझी. टकटक झाली. ऐकली मी. ऐकली, ताई! सात मणी उरले होते. मध्येच उठलं तर पाप लागेल म्हणून डोळे घट्ट मिटून घेतले. पुन्हा टकटक. मग नाही. मग धप्पकन आवाज — एकटेच निघाले होते, न्हाणीच्या दारात पडले. खुब्याचं हाड मोडलं.

लेक धावत आली, "ही कुठं होती?" म्हणाली. आणि आजोबा, कळवळत, पडल्यापडल्या सांगतात, "मीच पाठवलं तिला गच्चीवर, वाळलेले कपडे आणायला." धडधडीत खोटं! नंतर विचारलं मी, का हो बोललात असं? तर म्हणे, "मला कोण विचारणारय वर? तुला मात्र उद्या दुसरं घर शोधायचंय."

एकविसाव्या दिवशी गेले. लेक माझ्या गळ्यात पडून रडली — तरी नाही बोलले मी. मग तिनं हे लिहून दिलं. देवभीरू, प्रामाणिक. तेव्हापासून पिशवीत घडी घालून पडलंय, आज पहिल्यांदा कुणाच्या हातात दिलं, तर तुम्ही नेमका तोच शब्द मोठ्यानं वाचलात. मी कशाला बोलले हे सगळं? बोलायचं नव्हतं मला.

माळ? सुटली हो ती. बसते कधी कधी, पण सात मणी उरले की टकटक ऐकू येते. पुढं सरकतच नाही बोट.

आता तुमचं तुम्ही ठरवा. नको असेन तर तोंडावर नको म्हणा, मी काही — थांबा. आत सासूबाई हाक मारताहेत ना तुमच्या? ही दुसरी. अहो, बसलात काय अशा! ठेवा ते पत्र, नोकरीचं मागून बघू — सरका, आधी मला आत जाऊ द्या.