गुलाबी विहीर

सन्माननीय अध्यक्ष संभाजीराव, प्राचार्या दीपालीताई, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी आणि मागच्या बाकांवर मोबाइल बघणाऱ्या माझ्या लाडक्या विद्यार्थ्यांनो,

वाघोलीच्या या कॉलेजात एकतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. आज निवृत्त होताना इतकं कौतुक ऐकलं, की ते माझंच आहे ना, म्हणून मी दोनदा मागे वळून पाहिलं.

अध्यक्षांनी मघाशी आपल्या गुलाबी झालेल्या विहिरीचा उल्लेख केला. महिनाभर सगळे तिथे फोटो काढताहेत. तो रंग क्रोमॅशियम नावाच्या जिवाणूंचा. त्यांना ऊन लागतं, प्राणवायू मात्र सोसत नाही. आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा गंधकाचा वायू लागतो. तो तळच्या गाळातून निघतो.

दीपालीताईंनी मला लेखी विचारलं होतं, ‘हे जिवाणू माणसाला अपायकारक आहेत का?’ मी लिहिलं, ‘नाहीत.’ खाली सही ठोकली, आणि ते उत्तर सूचना फलकावर लागलं. विचारलं तेवढंच उत्तर द्यावं, ही आपली पुणेरी शिस्त! तोंडी परीक्षेत मी याच उत्तराला शून्य दिलं असतं. जिवाणू गरीब आहेत हो, पण ते सुखाने राहतात तिथे खाली काय साठलंय, हे कोणी सांगायचं? गाळ ढवळला की तो वायू उसळतो. आधी वास येतो, मग नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, वास गेला; आणि तो तिथेच कोसळतो.

आज सकाळी कपाट आवरताना त्या चिठ्ठीची प्रत हाती आली. आपले शिपाई दत्तोबा सोमवारी गाळ काढायला उतरणार आहेत. त्यांना म्हटलं, थांबा. ते हसले. ‘म्याडम, सूचना फलकावर तुमचीच सही हाय की! आता भ्या कसलं?’

म्हणून ती सही मी सर्वांसमोर मागे घेते. दत्तोबा, उभे राहा बघू. उतरणार नाही म्हणून इथेच शब्द द्या.

दत्तोबा?

मागच्या बाकावरून काय म्हणालास, सौरभ? पाहुण्यांना विहीर दाखवायची म्हणून आजच उतरले? किती वेळ झाला?

अध्यक्षमहाराज, मी इथेच थांबते. सौरभ, अग्निशमन दलाला फोन लाव. धावा, पण त्यांच्यामागे कुणीही खाली उतरायचं नाही. ऐकलंत? कुणीही नाही!

आपले आभार मानायचे राहिले. चूकभूल पोटात घाला, एवढं म्हणण्याचा हक्कही आज मला उरलेला नाही.